पहिल्या मानाचं शेवाळ

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी, मुंबईकर चाकरमानी आणि फक्त आंब्याच्या दिवसांत उगवणारे पाहुणे, या सर्वांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की आमच्या गावातलं सर्वांत जुनं घराणं वरच्या वाडीचं नाही आणि खालच्या वाडीचंही नाही. ते घराणं गरम पाण्यात राहतं, त्याला हातपाय नाहीत, आणि ते परग्रहावरून आलेलं असण्याचा संभव आहे. कुणाची हरकत असल्यास ती देवळात घ्यावी.

हरकती घेतल्या गेल्या. त्याचीच ही हकीकत.

मी या गावची सून. माझं माहेर रत्नागिरी शहरातलं, मांडवीच्या बाजूचं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी घेतली आणि लग्न करून या गावात आले. सावर्डे मागे टाकून हायवेने बरंच खाली आलं की आत वळणारा एक रस्ता लागतो, त्याच्या शेवटाला हे गाव. इथल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला लागले. लग्न ठरवायला आलो तेव्हा आधी मुलगा दाखवला, मग घर, मग आंब्याची कलमं, आणि निघता निघता होणाऱ्या सासऱ्यांनी मोठ्या ऐटीत उन्हाळं दाखवलं. आमच्या ह्यांना वाटतं मी त्यांना होकार दिला. मी उन्हाळ्याला दिला.

उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, घाटावरच्याला सांगावं लागतं. आमचे कॉलेजातले सर घाटावरचे. त्यांना मी लग्नाचे पेढे द्यायला गेले आणि म्हटलं, "सर, माझ्या सासरी उन्हाळं आहे!" तर ते माझ्याकडे कणवेने बघत म्हणाले, "असू दे गं. पाऊस पडला की बरं वाटेल."

तर हे उन्हाळं. जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेलं चौकोनी कुंड. थंडीच्या दिवसांत सकाळी त्यावर एवढी वाफ धरते की समोरच्या काठावर कोण आहे ते खोकल्यावरून ओळखायचं. गंधकाचा वास नव्या माणसाला नासलेल्या अंड्याचा वाटतो, आम्हांला घरचा. खरूज, गजकर्ण, गुडघे असलं सगळं घेऊन लोक लांबून येत, गुहागरकडूनसुद्धा. झरा फुटून ज्या पाटाने पाणी कुंडात येतं त्या पाटाच्या तोंडाशी बोट घालून ठेवायची कुणाची छाती नव्हती. आणि नेमकं तिथेच, बोट ठरत नाही त्या पाण्यात, दगडांवर शेवाळाची एक जाड साय धरलेली असायची. तोंडाशी पिकल्या सुपारीसारखी नारिंगी, जरा पुढे हिरवी, आणखी पुढे काळपट हिरवी. हात लावावा तर सुळकन निसटणारी. गावात तिला 'बुळबुळं' म्हणत. म्हणजे घाण, आणि पाय घसरायची जागा.

लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाई त्या बुळबुळ्यावरून घसरल्या आणि त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर उतरल्यावरही त्या उन्हाळ्यावरून जाताना त्या बाजूला बघत नसत. बघितलंच तर म्हणत, "जल्लं मेलं, हातास गिळलान माझ्या."

मला मात्र एकच प्रश्न पडलेला. त्या पाण्यात फडक्यात बांधून ठेवलेलं अंडं गोठायला लागतं. मग तिथे राहतंय कोण?

शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. तो कपाटात असायचा आणि इन्स्पेक्टर आले की त्याला बाहेरची हवा लागायची. हेडमास्तरांच्या मागे लागून मी तो काढला, काचेवर त्या नारिंगी हिरव्या सायीचा एक कण ठेवला आणि डोळा लावला. बारीक बारीक हिरवे दोरे दिसले. आणि त्यातला एक दोरा हलला. सावकाश, झोपेत कूस बदलावी तसा. मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर छडी घेऊन आले. त्यांना वाटलं, सापच निघाला.

पुढच्या शनिवारी मी सासऱ्यांचा चहाचा थर्मास उचलला, त्यात पाटातलं पाणी आणि सायीचे तुकडे भरले आणि रत्नागिरीची एसटी धरली. बाजूला बसलेले गृहस्थ बराच वेळ थर्मासकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "चहा काय?"

"नाही," मी म्हटलं. "जिवंत आहे."

ते उठून पुढच्या सीटवर गेले.

सरांनी प्रयोगशाळेत काच लावली, डोळा लावला आणि घंटा झाली तरी तो काढला नाही. शेवटी मान वर करून म्हणाले, "मी यांच्याविषयी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलो. ओळख आज झाली." मग स्टुलावर बसून ते जे बोलले ते माझ्या अंगावर अजून काट्यासारखं उभं आहे. पृथ्वीवर झाडं नव्हती, किडामुंगी नव्हती, श्वास घेण्यासारखी हवासुद्धा नव्हती, तेव्हा असल्याच चिमुकल्या जिवांनी पाण्यात राहून हवेत प्राणवायू भरला. आणि यांचे भाईबंद कुठे नाहीत? चटका देणाऱ्या पाण्यात आहेत, कडक मिठात आहेत, बर्फात आहेत, दगडाच्या फटीत वर्षानुवर्षं कोरडे पडून राहतात आणि थेंब मिळाला की जागे होतात. "म्हणून काही शास्त्रज्ञ विचारतात," सर म्हणाले, "की असा चिवट जीव दगडाच्या पोटात बसून एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर का जाणार नाही? मंगळावर मोठा धोंडा आदळला, तिथले तुकडे उडाले, त्यातला एखादा फिरत फिरत इथे पडला..."

"म्हणजे सर, आपण मंगळावरचे?"

"तसं मी म्हटलेलं नाही. शक्यता आहे, पुरावा नाही. हे वाक्य पाठ कर."

मी पाठ केलं. मे महिन्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन यायचं त्यांनी ठरवलं आणि दारापर्यंत सोडायला आल्यावर म्हणाले, "तोवर ती साय जशी आहे तशी राहू दे. घासून काढलीस तर थरावर थर असे परत कधी बसतील, मला सांगता यायचं नाही."

"ती कोण घासणार सर! गावात कुणी तिच्याकडे बघतसुद्धा नाही."

शिमग्याला मुंबईहून एक टेम्पो आला. त्यात होत्या पांढऱ्याशुभ्र टाइल्स, कोपऱ्यात निळं फूल असलेल्या. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते माझे धाकटे दीर.

आमचे दीर परळला बाथरूमच्या सामानाच्या दुकानात नोकरीला आणि गावच्या मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष. माणूस लाखातला. आईचा हात मोडल्यापासून त्यांनी मनाशी घेतलं होतं की उन्हाळं साफ करायचं. कुंडातलं पाणी उपसायचं, पाट तारेच्या ब्रशने घासायचा, वर ॲसिड ओतायचं आणि तोंडापासून टोकापर्यंत टाइल्स बसवायच्या. अंगणात पहिली टाइल उघडून त्यांनी ती आईच्या हातात दिली. सासूबाईंनी बऱ्या झालेल्या हाताने तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आरशासारकी हाय रे."

मी काय बोलणार? तरी बोलले. "भावोजी, ते तोंडाकडचं तेवढं राहू द्या. ते शास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचं आहे."

"वैनी, घाण ती घाण. शास्त्रात तिला चांगलं नाव असंल, म्हणून काय तिला बसायला पाट मांडायचा?"

"मे महिन्यात आमचे सर येणार आहेत बघायला."

"येऊ द्या की! टाइल्स बघतील."

ते हसले, मीही हसले, आणि आत जाऊन चुलीपाशी बसले. तेव्हा मला कळलं की त्या नारिंगी सायीत माझा किती जीव अडकलाय. या गावात मी कुणाची तरी सून होते, कुणाची वहिनी, पोरांची बाई. त्या पाटाच्या तोंडाशी मात्र जे होतं ते मी शोधलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गावची बैठक होती. पालखी बाहेर काढण्याआधी गावाने होय म्हटलं की दुपारी ब्रश पाटाला लागणार होता.

आता आमच्या गावच्या पालखीविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडतं. शिमग्याला देव पालखीत बसून घरोघर जातो. ती पालखी देवळातून उचलताना पहिला खांदा कुणाचा, हा पहिला मान. गावात जे घराणं आधी आलं त्याचा तो मान, यावर गावाचं एकमत. आधी कोण आलं, यावर मात्र वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यात तंटा. वरच्या वाडीचे मानकरी माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत. खालच्या वाडीचे मानकरी म्हणजे त्यांचे बालमित्र, एका बाकावर बसून एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. वर्षभर एकमेकांच्या पानाच्या चंचीतलं पान खायचे, आणि शिमगा आला की बोलणं बंद, टोमणे तेवढे चालू. पूर्वीच्या कुणीतरी तोड काढली होती की दोघांनी एकाच क्षणी खांदा लावायचा. ते लावायचे. आणि मग पुढच्या शिमग्यापर्यंत, कुणाचा खांदा केसभर आधी लागला, यावर बोलत राहायचे. "आधी कोण आलं?" हा प्रश्न देवळात कुणी उच्चारायचा नाही, असा अलिखित नियम होता. एकदा कुणीतरी उच्चारला होता, तेव्हा पालखी दिवसभर जागची हलली नव्हती.

बैठक भरली. पुरुष मधे, आम्ही बायका खांबाच्या बाजूला. दिरांनी टाइल सगळ्यांना दाखवली. माना डोलल्या. कुणाचं काही म्हणणं आहे का, असं विचारलं गेलं, आणि मी उभी राहिले. आमचे हे देवळाच्या छपराचे वासे मोजायला लागले.

मी आधी शहाण्यासारखी बोलले आणि आपटले. सूक्ष्म जीव म्हटलं, मागून कुणीतरी खोकलं. प्राणवायू म्हटलं, कुणीतरी जांभई दिली. सासूबाई आपला हात वर धरून सगळ्यांना दाखवत म्हणाल्या, "ह्यो बगा तिचा सूक्ष्म जीव!" देऊळ हसलं. खालच्या वाडीचे मानकरी आबांना म्हणाले, "सून वकील केलीस, पन पक्षकार बुळबुळा मिळाला रे!" देऊळ आणखी हसलं. आबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

तेव्हा मी शहाणपण सोडलं.

"शेंडेनक्षत्र कुणी कुणी बघितलं?" मी विचारलं.

त्या वर्षी आकाशात तो प्रसिद्ध धूमकेतू आला होता, माणसाच्या आयुष्यात एकदाच यायचा तो. सगळा गाव पहाटे सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या जांभ्याच्या माळावर, जाऊन आला होता. बरेचसे हात वर झाले.

"येवडासा धुरकट डाग," कुणीतरी म्हणालं. "त्यापरीस आमचा कंदील बरा."

"त्याच आभाळातून आलेल्या पाहुण्याविषयी मी बोलतेय. मंगळ लाल का दिसतो माहीत आहे? तिथल्या मातीत लोखंड आहे, ते गंजलंय. आणि आपला सडा लाल का? त्यातही तेच."

"म्हंजे मंगळावं जांभा हाय?" चिरेखाणीवर काम करणारा एकजण सरसावून बसला.

"अगदी जांभा नाही. पण रंगाने भाऊबंद."

"मंग कलमं लागतील!"

"पाणी कुटं हाय तिथं?"

"इथं तरी कुटं हाय, मे म्हयन्यात?"

आता देऊळ माझं होतं. मी सांगितलं की कधीकाळी मंगळावरही पाणी वाहत होतं, असं जाणकार म्हणतात. तिथला एखादा दगड उडाला असेल, त्याच्या फटीत असला चिवट जीव बसला असेल, आणि तो इथे येऊन पडला असेल. "म्हणजे बघा, मूळ गाव मंगळ, राहणार पृथ्वी. आपल्या चाकरमान्यांसारखंच."

"मंग शिमग्याला परत जात न्हायत?" माझ्याच दिरांनी विचारलं. राहवलं नाही त्यांना.

"गाडी नाही, भावोजी."

हशा पिकला. तो ओसरायची मी वाट पाहिली, आणि सरांचं पाठ केलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं, "हे सगळं असेल, नसेल. शक्यता आहे, पुरावा नाही. ते मंगळावरचं नसेल, इथलंच असेल. पण एका गोष्टीत शंका नाही." आणि मग मी तो प्रश्न उच्चारला.

"गावात आधी कोण आलं?"

बाहेर ढोल तापवायला पेटवलेल्या गवताचा चुरचुर आवाज तेवढा आत आला. ह्यांनी वासे मोजायचं थांबवलं.

"यांचं घराणं आधी आलं," मी पाटाच्या दिशेने हात केला. "माणसाच्या आधी, माडाच्या आधी, माशाच्या आधी. आपण जी हवा आत घेतो ती यांच्या पूर्वजांनी करून ठेवलीय. आणि ज्या पाण्यात आपलं बोट ठरत नाही तिथे हे पिढ्यान् पिढ्या घर करून आहेत. अशा घराण्याला गावाने काय द्यायचं? पहिला मान, की तारेचा ब्रश?"

इथे मला मधेच थांबून पुढचं सांगून टाकू द्या, कारण शेवटच्या शब्दानंतर मला काही बोलायचं नाही. ब्रश त्या दिवशी लागला नाही, नंतरही नाही. टाइल्स कपडे धुवायच्या कट्ट्याला आणि उतरायच्या पायऱ्यांना लागल्या, सासूबाई त्यावरून ऐटीत चालतात, आणि तोंडाकडे जायचंच झालं तर दिरांनी बसवलेला लोखंडी कठडा आहे. सर मे महिन्यात विद्यार्थ्यांना घेऊन आले. उन्हाळ्याच्या काठावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आता कळलं मला उन्हाळं म्हणजे काय." त्यानंतर कितीतरी जण आले, चिमटे, बाटल्या आणि तापमापक घेऊन, आणि त्या प्रत्येकाला आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं, "हात लावू नका, मानकरी हाय."

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. आमच्याकडे पालखी उचलण्याआधी आता उन्हाळ्याचं तांब्याभर पाणी देवापुढे ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात, "बा म्हाराजा, उन्हाळ्यातल्या पयल्या मानकऱ्या, तू मंगळावरचा अससील वा हितलाच अससील, आमाला ठाऊक न्हाय, पन आमच्या पोराबाळांची राखन कर!" आणि सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" आमाला ठाऊक न्हाय, असं देवासमोर कबूल करणारं गाऱ्हाणं तुम्ही आणखी कुठे ऐकलंत? मी अजून ऐकलेलं नाही. दरवर्षी ते ऐकताना माझी मान इतकी ताठ होते की दुसऱ्या दिवशी तिला तेल लावावं लागतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी खांबाला धरून उभी होते. कारण पहिला मान शेवाळाला द्यायचा म्हणजे कुणाचा तरी काढून घ्यायचा. तो ज्यांचा जाणार होता ते माझे सासरे होते, आणि जन्मभर केसभर खांद्यासाठी भांडलेले होते. साऱ्या गावाच्या नजरा त्यांच्यावर. खालचे मानकरीसुद्धा पान चावायचे थांबले.

आबा उठले. खांद्यावरचा टॉवेल काढून झटकला, परत खांद्यावर टाकला. देवाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बराच वेळ आपल्या बालमित्राकडे. मोठं भाषण करायच्या बेताने त्यांनी घसा खाकरला. पण भाषण काही आलं नाही. पोटातलं होतं तेच तोंडातून सुटलं, आणि ते देवळाबाहेर ढोलवाल्यांनाही ऐकू गेलं:

"सूनबाय, ह्ये बुळबुळं खालच्या वाडीच्या आदी आलं ना? नक्की ना? मंग झालं तर! पयलं ह्ये, आनि दुसरे आमी!"